ग्राम बोगदा

२१ जून १९६५, सोमवार. सकाळी पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत बसले होते. आदल्या दिवशी मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, लावून फडकं बांधून ठेवलं होतं. आता बारीक दातांची फणी घेऊन कानामागून सुरुवात केली होती. पहिलीत जायची पोर, डोक्यात उवा घेऊन गेली तर मास्तरीण आईलाच नावं ठेवणार. अर्धं डोकं झालं होतं तेवढ्यात शाळेचा चपराशी दारात आला आणि एक चिठ्ठी देऊन गेला.

चिठ्ठी हिंदीत होती. माझी मराठी चौथी झालेली आहे, आणि सात वर्षं भिलाईत राहून मला हिंदी मराठीइतकंच वाचता येतं. लिहिलं होतं की बालिकेचं नाव यादीतून रोखून ठेवलं आहे. ग्राम बोगदा येथील पटवारी किंवा कोतवाल यांचं जन्म-प्रमाणपत्र मंगळवारी दुपारी बारापर्यंत आणून द्यावं, नाहीतर जागा दुसऱ्याला दिली जाईल.

मी दोनदा वाचलं. ग्राम बोगदा. मग फणी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला उठवलं. तो पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर आहे. रात्रपाळी करून सातला आला होता आणि जेमतेम तासभर झोपला होता.

"अवो, उठा. फारम तुमीच भरला होता ना? जन्माच्या जागी का लिवलं?"

"बोगदा लिवलं."

"कावून?"

"आता बोगद्यातच झाली तं मी का ताजमहाल लिवू?"

"हिंदी फारमावर बोगदा लिवते कोनी? सुरंग लिवाचं होतं. त्या बाबूनं गाव समजलं. पटवारी मांगून राहिला."

तो उठून बसला, चिठ्ठी पाहिली आणि त्याला हसू आलं. "बोगद्याचा पटवारी? तो तं वटवाघूळ असन."

मला हसू आलं नाही. दिवसाढवळ्या सहा वर्षांच्या पोरीची जागा जाणार होती, आणि तीही एका शब्दापायी.

काय झालं होतं ते सांगते. सहा वर्षांपूर्वी मी गोंदियाकडे भावाच्या लग्नाला गेले होते. आठवा महिना लागला होता. जाऊ नको असं सगळे म्हणाले. पण दीक्षा घेतल्यावरचं आमच्या घरातलं पहिलं लग्न, आणि सख्खा भाऊ, म्हणून गेले. परत येताना पॅसेंजर गाडीच्या बायकांच्या डब्यात सालेकसा सुटल्यावर कळा सुरू झाल्या. हे माझं चौथं बाळंतपण, त्यामुळे वेळ किती उरला आहे ते मला कळत होतं. वेळ नव्हताच. डब्यात डोंगरगडला निघालेल्या तीन-चार छत्तीसगढी बाया होत्या, टोपल्या घेऊन. त्यांतल्या एका म्हातारीने टोपली सरकवली, लुगडं आडवं धरायला लावलं आणि माझ्या पायाशी बसली. "झन डर्रा दीदी," घाबरू नको, एवढंच म्हणत होती. दरेकसा गेलं, चढ लागला, गाडी हळू झाली आणि बोगद्यात शिरली. डब्यातला दिवा बंद होता. काळ्याकुट्ट अंधारात, तोंडात कोळशाचा धूर जात असताना पोर झाली. म्हातारीने हातानेच चाचपून सांगितलं, "नोनी आय," मुलगी आहे. गाडी उजेडात आली तेव्हा पोर माझ्या पोटावर होती. नाळ पुढच्या स्टेशनवर कापली, चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पातीने.

तिथे गार्ड आला. भला माणूस होता. त्याने विचारलं, बोगद्याच्या आधी झाली की नंतर? मी म्हटलं, आत. त्याने वहीचं एक पान फाडून लिहून दिलं: चलती गाड़ी में प्रसव, कन्या, जच्चा-बच्चा ठीक. खाली सही केली. त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं.

बाकीच्यांनी केलं नाही. बोगद्याच्या एका अंगाला तेव्हा मुंबई राज्य होतं, दुसऱ्या अंगाला मध्यप्रदेश. हद्द तिथेच डोंगरात कुठेतरी आहे म्हणतात. सव्वा महिन्यानंतर नवरा नोंद करायला गेला. अलीकडच्या गावचा कोतवाल म्हणाला, गाडी आमच्या गावात थांबलीच नाही. पलीकडचा म्हणाला, आमच्या गावात थांबायच्या आधीच पोर झाली होती. दुर्गला जिल्ह्याच्या कचेरीत म्हणाले, आमचा काय संबंध? नवऱ्याने तीन खेपा केल्या, तीन खाडे पडले, मग आम्ही सोडून दिलं. तेव्हा काही अडत नव्हतं. पोर दूध पीत होती, वाढत होती. तिला कुणी विचारत नव्हतं, तू कुठली म्हणून.

आता विचारत होते.

पोरीचं डोकं तसंच फडक्यात बांधलं, लुगडं बदललं आणि दहाला शाळेच्या खिडकीवर गेले. पुढे सात-आठ माणसं होती. सगळे बापच. माझी पाळी आली तेव्हा बाबूने आमचा फॉर्म काढला. गार्डाचं पान त्याला टाचणीने लावलेलं होतं.

"बोगदा कौन-सी तहसील में पड़ता है?"

मी सांगितलं, बोगदा गाव नाही. मराठीत सुरंगला बोगदा म्हणतात. गाडी सुरंगेत होती.

"सुरंग में कोई पैदा नहीं होता, बाई."

"मेरी लड़की हुई."

मागचे हसले. एकजण म्हणाला, "तो लिख दो बाबूजी, कोयले की खदान." दुसरा म्हणाला, पुढे खदानीतच नोकरी लागेल, बरं झालं. बाबूही हसला. लोकांना हसवता आलं की बाबूला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. मी थांबले. हसून झाल्यावर त्याने मला समजावून सांगायला घेतलं, जशी काही मी बहिरी आहे. जन्मस्थानाच्या रकान्यात गाव पाहिजे, तहसील पाहिजे, जिल्हा पाहिजे. चालती गाडी हे स्थान नाही, कारण ती चालते.

"मी खोटं सांगून राहिली का?" मी मराठीतच बोलले. राग आला की माझं हिंदी पळून जातं.

"झूठ-सच की बात नहीं, बाई. बाप को भेजो. बाप का बयान चलेगा."

मी म्हटलं, बाप तर इथे ड्यूटीवर होता. त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. मी होते तिथे. मी नाही तर कोण सांगणार?

"नियम है. बयान पिता का."

आणि मग त्याने आवाज खाली केला. मला वाटतं तो आपल्या परीने उपकारच करत होता. म्हणाला, नवऱ्याला पाठव, भिलाई में जन्मी असं लिहून सही करू दे, पाच मिनिटांत काम होईल. फॉर्मची टाचणी काढली, गार्डाचं पान माझ्याकडे सरकवलं. हे फाडून टाक, म्हणाला, याने गडबड होते. फॉर्म ठेवताना धर्माच्या रकान्यात नवऱ्याने बौद्ध लिहिलं होतं त्यावर बाबूचं बोट क्षणभर थांबलं. मी ते पाहिलं.

मी पान घडी करून चोळीत ठेवलं आणि निघाले. जो नव्हता त्याचं खोटं चालत होतं. जी होती तिचं खरं चालत नव्हतं. रस्ताभर माझ्या डोक्यात एवढंच होतं.

मी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे. तेव्हा माझी पाळी दुपारी बारा ते रात्री आठ असायची. त्या दिवशी तीनच्या सुमाराला ती रशियन बाई आली, बाळाचं वजन करायला. तिची गोष्ट वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होती. नवरा कारखान्यात इंजिनियर. सुट्टीवर मायदेशी गेली होती. परत येताना डोंगरांवरून विमान चाललं असतानाच ती बाळंत झाली, दिवस भरायच्या महिनाभर आधी. वॉर्डात सगळ्या त्या मुलाला हवाई बाळ म्हणत. त्याला पाहायला नर्सा दुसऱ्या वॉर्डातून यायच्या. माझी पोर झाली तेव्हा मला कुणी पाहायला आलं नव्हतं, एक गार्ड सोडून.

तिच्याबरोबर दुभाषी बाई होती, तीही रशियनच. तिची हिंदी पुस्तकातली, आमच्या इथल्या कुणालाच येत नाही इतकी शुद्ध. मी बाळाला तागडीत ठेवलं आणि विचारलं, याच्या कागदावर जन्माची जागा काय लिहिली?

ती म्हणाली, "यह शिशु सोवियत नागरिक है. माता सोवियत, पिता सोवियत, वायुयान भी सोवियत."

"पर जगह?"

तिने सांगितलं की विमान ज्या देशात नोंदलेलं असतं, त्या देशात मूल जन्मलं असं धरतात. जहाजालाही तोच नियम आहे. तुमच्या देशाच्या नागरिकत्वाच्या कायद्यातसुद्धा तसंच लिहिलंय. दिल्लीत त्यांच्या कचेरीतल्या वकिलाने तिला वाचून दाखवलं होतं.

"विमान हमारा होता तो?"

"तब आपका कानून कहता, शिशु भारत में जन्मा, शिशु भारत का. हमारा कानून कहता, माता-पिता हमारे, तो शिशु हमारा. दो सरकारें बैठतीं, चाय पीतीं, बात करतीं."

"और नीचे जिसकी ज़मीन थी वो देश?"

"कुछ देश कहते हैं, आकाश हमारा तो शिशु हमारा. पर नीचे पर्वत था, बहनजी. पर्वत ने कुछ नहीं माँगा."

बाळाची आई आमच्या तोंडाकडे बघत होती. तिला आमचं काही कळत नव्हतं. पण मुलाच्या कागदाची तिला काळजी दिसत नव्हती. कशाला असेल? विमान उतरायच्या आतच कप्तानाने वेळ लिहून घेतली होती.

मग मी माझ्या पोरीचं सांगितलं, सकाळच्या खिडकीसकट. दुभाषीने सगळं ऐकून घेतलं. ती खरंच गोंधळली. म्हणाली, पण यात भांडण कुठे आहे? गाडी भारताची, रूळ भारताचे, आई-बाप भारताचे. मुलगी भारताचीच.

तेच तर. देश द्यायला कुणाची ना नव्हती. गाव द्यायला कुणी तयार नव्हतं. दोन देशांच्या मधल्या आभाळात झालेल्या पोराला नियम होता, वकील होता, कप्तान होता. दोन स्टेशनांच्या मध्ये, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात झालेल्या पोरीला पटवारी आणा म्हणत होते, तोही वटवाघळांच्या गावचा. मी बाळाचं वजन सांगितलं, नर्सने लिहिलं, आणि मी बेडपॅन धुवायला गेले. त्या दिवशी ते मी इतके घासले की मुकादमीण म्हणाली, कोणावरचा राग काढून राहिली?

घरी आले तेव्हा नवरा डबा भरून बसला होता. त्याची पाळी दहाची. मोठ्या मुलीने भात टाकला होता. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. गार्डाचं पान त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मंग भिलाई लिवून देतो ना. कोन पायते?"

"तुमी होते का तिथं?"

"नोयतो. पन बाबूच सांगून राहिला तं..."

"बाबू होता का?"

"अवं, पोरीची सीट जाईन. तुले कागद खरा पायजे का पोरगी शाळेत पायजे?"

हा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी सांगितलं, दोन्ही पाहिजे. आज भिलाई लिहाल. उद्या मॅट्रिकला दुसरा कुणी बाबू विचारेल, भिलाईत कुठल्या इस्पितळात? त्यांच्या रजिस्टरात हिचं नाव नाही. मी त्याच इस्पितळात काम करते, मला ठाऊक आहे ते रजिस्टर कसं उघडतात. मग खोटं बोलली म्हणून पोरीला धरतील, बाबूला नाही. कारखान्यात वयाच्या कागदापायी किती जणांना हेलपाटे घालावे लागले ते तुम्हीच घरी येऊन सांगता.

तो भात कालवत राहिला. मी थांबले नाही. मला थांबायचं नव्हतं.

"आन दुसरं सांगू? मी मेली होती त्या डब्यात. धुरात. तुमी इथं कोक ओव्हनवर होते, तुमाले ठावूकबी नोयतं पोरगी झाली का पोरगा. आन बयान तुमचं? माह्यं कायी नाई?"

"मी म्हटलं का तुह्यं कायी नाई?"

"सही तुमीच करून राहिले ना."

तो ताट सारून उठला. हात धुतले, डबा घेतला, सायकल काढली. फाटकाजवळ थांबून म्हणाला, "सहा वाजता सुटतो." एवढंच. याचा अर्थ मला कळला नाही. तो असाच आहे. अर्धं बोलतो आणि अर्धं कारखान्यात घेऊन जातो.

मी पोरीचं राहिलेलं अर्धं डोकं विंचरलं. ती विचारत होती, "आई, माह्यं गाव कोनतं? शाळेत मास्तरणीनं इचारलं तं का सांगू?" मी म्हटलं, हलू नको. तिने पुन्हा विचारलं. मी फणी जरा जोरात ओढली असेन, ती रडली. तिची काहीच चूक नव्हती. त्या दिवशी ज्यांची चूक होती त्यांच्यातलं कुणी माझ्या हातापाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नवरा दारात. सायकल आत घेतली नाही. अंगावरचे कारखान्याचे कपडेही बदलले नाहीत. म्हणाला, "चाल. दुर्गची कचेरी दहाले उघडते, पन भायेरचा टाइपवाला आठले बसते." मी पोरीला मोठीजवळ ठेवलं. आम्ही बसने दुर्गला गेलो.

टाइपवाला झाडाखाली बसतो. म्हातारा आहे, जन्मभर वकिलांच्या हाताखाली काढलेला. मी सगळं सांगितलं, विमानाचंही. तो म्हणाला, बरोबर आहे, कायद्यात जहाज आणि विमान दोन्ही आहेत. रेल्वे नाही. कारण गाडी देशाबाहेर जात नाही, म्हणून कायदा करणाऱ्याला वाटलं, प्रश्नच नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाला, "उन्होंने बाबू के बारे में नहीं सोचा."

त्याने नवऱ्याच्या नावाने सुरुवात केली, "मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि..."

नवरा म्हणाला, "रुको. पहले इसका लिखो. मैं वहाँ नहीं था."

म्हाताऱ्याने कागद काढून दुसरा लावला. मी सांगत गेले. गाडी पॅसेंजर. दरेकसा सोडल्यावर, पुढचं स्टेशन यायच्या आधी. बोगद्यात. म्हातारा म्हणाला, बोगदा मतलब? मी म्हटलं, सुरंग, आणि ते गाव नाही असंही लिहा, स्पष्ट. त्याने लिहिलं. सोबत गार्डाचं पान. मग खाली नवऱ्याचं बयान, तीन ओळींचं: मी बालिकेचा पिता. जन्माच्या वेळी मी भिलाईला ड्यूटीवर होतो, हजर नव्हतो. पत्नी सांगते तेच खरं.

शिक्का मारणाऱ्या साहेबापुढे गेलो तेव्हा त्याच्या कारकुनाने माझ्यापुढे शाईचं पॅड सरकवलं. मी ते परत सरकवलं, त्याच्या हातातला टाक घेतला आणि सही केली.

साडेअकराला खिडकीवर होतो. बाबूने कागद वाचला. पुन्हा वाचला. बापाचं बयान पाहिजे होतं, ते होतं. त्यावर शिक्का होता. म्हणाला, "पर इसमें तो पिता कह रहा है कि वो था ही नहीं."

"हाँ," नवरा म्हणाला. "यही बयान है."

रांगेत आदल्या दिवशीचा एकजण होता, तो खदानवाला. या वेळी तो बाजूला सरकला. बहुतेक नवऱ्याचे काळे कपडे पाहून.

बाबू आत मोठ्या बाईंकडे गेला. मी खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिले. बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण तो लवकर आला. लाल शाईने "ग्राम बोगदा" खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, चलती रेलगाड़ी. तहसील आणि जिल्ह्याच्या जागी आडव्या रेघा ओढल्या. रेघा ओढताना त्याचं तोंड असं झालं होतं, जसं काही मी त्याच्या रजिस्टरात चिखल टाकला. मी म्हटलं, यादीतला नंबर दाखवा. त्याने दाखवला. मी नंबर हातावर लिहून घेतला.

नवरा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता. त्याला हलवून उठवलं, घरी पाठवलं, आणि मी बाराच्या पाळीला गेले. दहा मिनिटं उशीर झाला. मुकादमीण ओरडली, मी ऐकून घेतलं.